मातीचा नमुना थांबतो, हा नमुना थांबत नाही

फळछाटणी होऊन बाग फुलोऱ्यावर आली की आमची देठ परीक्षणाची धांदल सुरू होते. गेल्या हंगामात तासगाव तालुक्यातल्या एका बागेत नमुने घ्यायला गेले होते. बागायतदार मोठे चौकस. पान घडासमोरचंच का, देठ किती लागतात, कागदी पिशवीतच का घालायचे, सगळं त्यांनी विचारून घेतलं. "ताई, परीक्षण केल्याबिगर आता एक पोतं खत टाकत नाही," असं अभिमानानं सांगितलं. ऐकून बरं वाटलं. आम्ही विस्तारातली माणसं इतकी वर्षं हेच तर सांगत फिरतोय.

दुपारी बायकांची टोळी लिंबाखाली भाकरी खायला बसली. त्यातली एक तिशीची बाई जरा लांब बसली होती. भाकरी हातात तशीच. मी जवळ गेल्यावर हळू आवाजात म्हणाली, "ताई, तुमच्याकडं माणसाचं काय औषध असतंय का?" मग एकेक बाहेर आलं. दोन वर्षं झाली, अंगावरून जातंय. पांढरं नव्हे, पिवळसर हिरवट, फेसाळ, वास मारणारं. खाज सुटते, लघवीला आग होते. तीन ठिकाणची औषधं झाली. पंधरा दिवस बरं वाटतं, पुन्हा पहिले पाढे. एकदा सोनोग्राफी झाली. शेवटच्या ठिकाणी सांगितलं, पिशवीला सूज आहे, पुढं कॅन्सर व्हायचा, पिशवी काढून टाका. त्या खर्चासाठी घरची गाभण कालवड विकायला काढली होती.

मी कृषी पदविका घेतलेली बाई. पिकाचा रोग विचारा, सांगेन. हे माझ्या आवाक्याबाहेरचं. म्हणून ओळखीच्या एका सरकारी डॉक्टरीणबाईंना जाऊन विचारलं. त्यांचा पहिला प्रश्न असा : "आतलं पाणी काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली कुणी बघितलंय का?" कुणीच बघितलं नव्हतं. ज्या बागेत ती बाई राबते, त्या बागेचं परीक्षण दर हंगामाला होतं. तिचं दोन वर्षांत एकदाही झालं नव्हतं.

हा विषय शेतीच्या पानावर कशाला, असं काही जण म्हणतील. त्यांना एवढंच विचारते, आपल्या जिल्ह्यातली विरळणी, खुरपणी, हळदीची काढणी, धारा-शेण कुणाच्या हातावर चालतं? जी बाई दिवसभर वाकून काम करते आणि आग होते म्हणून पाणी कमी पिते, तिचं दुखणं हे शेतीचंच दुखणं आहे.

जंतू एक, नाव अवघड

त्या बाईला झालेल्या रोगाचं नाव ट्रायकोमोनियासिस. ट्रायकोमोनास व्हजायनालिस नावाचा एकपेशीय परजीवी जंतू त्याला कारण. आल्फ्रेड डोने या फ्रेंच डॉक्टरानं १८३६ साली पॅरिसमध्ये तो मायक्रोस्कोपखाली प्रथम पाहिला. म्हणजे हा जंतू नवा नाही आणि तो बघायची रीतही नवी नाही. शरीरसंबंधातून तो नवऱ्याकडून बायकोला आणि बायकोकडून नवऱ्याला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात जगात १५ कोटी ६० लाख लोकांना तो नव्यानं झाला, आणि त्यात पुरुषांची संख्या बायकांपेक्षा कमी नव्हती.

फरक असा, की पुरुषाला बहुतेक वेळा काहीच जाणवत नाही. बाईला जाणवतं, पण सगळ्याच बायकांना नाही. जंतू अंगात महिनोन्महिने, कधी वर्षभराच्या वर गुपचूप राहू शकतो. गरोदरपणी तो असेल तर मूल दिवस भरण्याआधी जन्मण्याचा धोका वाढतो. एचआयव्हीची लागण होण्याची शक्यताही त्यानं वाढते. आपल्या सांगली जिल्ह्यानं एचआयव्हीचा कठीण काळ बघितला आहे. १९९२ पासून संग्राम संस्थेनं इथंच वेश्याव्यवसायातल्या बायकांना सोबत घेऊन काम उभं केलं आणि ज्या गोष्टी कुणी बोलत नव्हतं त्या उघड बोलायला लावल्या. मग आता संसारी बायकांच्या या दुखण्यावर गप्प बसायचं काय कारण?

एक खुलासा इथंच करते. अंगावरून थोडं पांढरं जाणं हा प्रत्येक वेळी रोग नसतो. पाळीच्या मधल्या दिवसांत स्वच्छ, बिनवासाचं पाणी जाणं स्वाभाविक आहे. रंग बदलला, वास आला, खाज किंवा आग सुरू झाली, तर मात्र तपासणी हवी.

परीक्षण कसं होतं

परीक्षणाची रीत मी त्या डॉक्टरीणबाईंकडून आणि त्यांच्या प्रयोगशाळा तंत्रज्ञाकडून समजून घेतली. अगदी साधी आहे. डॉक्टर तपासताना कापसाच्या काडीनं योनीतलं पाणी घेतात. काचपट्टीवर सलाईनचा एक थेंब टाकून त्यात ते मिसळतात. वर पातळ काच ठेवतात आणि लगेच मायक्रोस्कोपखाली आधी शंभर पट, मग चारशे पट मोठं करून बघतात. जंतू असेल तर नासपतीच्या आकाराचा एक जीव झटके देत, गिरक्या घेत पळताना दिसतो. त्याला चाबकासारखे तंतू असतात, त्यांच्या जोरावर तो हलतो. कुठलं महाग रसायन नाही, यंत्र नाही. मलेरियाचं रक्त आणि क्षयाची थुंकी ज्या मायक्रोस्कोपवर बघतात, तोच चालतो.

पण यात एक मेख आहे, आणि आजचं माझं सगळं म्हणणं त्या मेखेवरच आहे. या जंतूची ओळख त्याच्या हालचालीवरून पटते. हालचाल थांबली की तो पांढऱ्या पेशींसारखाच दिसतो, त्या गर्दीत सापडत नाही. आणि नमुना अंगाबाहेर आला, गार पडला, सुकला, की हालचाल मंदावते. म्हणून दहा-वीस मिनिटांच्या आत बघायचं. तासाभरानं बघितलं तर पुष्कळ वेळा हाताला काही लागत नाही. फ्रीजमध्ये ठेवायची तर सोयच नाही, गारठ्यानं तो आणखी लवकर थिजतो.

आम्ही मातीचा नमुना घेतो, सावलीत सुकवतो, पिशवीत भरतो, चिठ्ठी घालतो. तो आठवड्यानं प्रयोगशाळेत गेला तरी बिघडत नाही. हा नमुना आठवडा सोडाच, एस.टी.ची वाटसुद्धा बघत नाही. जत तालुक्याच्या पूर्वेकडच्या गावात घेतलेली काचपट्टी मिरजेला पाठवून चालणार नाही. जिथं बाई तपासली, तिथंच ती काच बघितली पाहिजे. म्हणजे हे परीक्षण मोठ्या शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेपेक्षा आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातच जास्त चांगलं होऊ शकतं. अशा तपासण्या आपल्याकडं फार थोड्या आहेत.

या तपासणीचा कमीपणाही सांगितला पाहिजे. वेळेत बघूनसुद्धा, जंतू असलेल्या शंभर बायकांपैकी साधारण निम्म्या ते दोनतृतीयांश जणींतच तो दिसतो. दिसला तर खात्री झाली. नाही दिसला म्हणजे नाहीच, असं म्हणता येत नाही. अशा वेळी मोठ्या प्रयोगशाळेत जंतू खास पोषक द्रवात वाढवून पाहतात, त्याला आठवड्यापर्यंत वेळ लागतो. दहा-पंधरा मिनिटांत उत्तर देणारी पट्टीची तपासणी निघाली आहे. जंतूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी तर शंभरात पंच्याण्णवच्या वर जणींत जंतू पकडते, आणि तिचा नमुना लांब पाठवता येतो. त्या सगळ्या जेव्हा आपल्या गावापर्यंत पोचतील तेव्हा पोचोत. काचपट्टी आणि सलाईन आजही आहे.

आणखी एक लक्षात ठेवा. हा जंतू सोनोग्राफीत दिसत नाही. सोनोग्राफी पिशवीचा आकार, गाठ दाखवेल, जंतू दाखवणार नाही. नुसत्या सोनोग्राफीवर खर्च करून "काय निघालं नाही" म्हणून घरी येणाऱ्या बायका मी बघितल्या आहेत.

अंदाजाची फवारणी

द्राक्षाच्या पानावर भुरीही पांढरी दिसते आणि डाऊनीही पांढरी दिसते. गंधकानं भुरी हटते, डाऊनी हटत नाही. हे आपल्या पोरासोरांना ठाऊक आहे. तसंच अंगावरून जाण्याचं आहे. त्यामागं हा परजीवी असेल, बुरशी असेल, किंवा जिवाणूंचा समतोल बिघडलेला असेल. तिघांची औषधं सारखी नाहीत. त्या एका काचपट्टीवर या तिन्हींचा माग लागू शकतो.

सरकारी दवाखान्यात यासाठी औषधांची हिरवी पेटी मिळते. लक्षणं बघून सेक्निडॅझोल आणि फ्लुकोनॅझोल या गोळ्या दिल्या जातात. एक परजीवी आणि जिवाणूंवर, दुसरी बुरशीवर. या पद्धतीला मी नावं ठेवणार नाही. जिथं मायक्रोस्कोप नाही, तिथं बाईला रिकाम्या हातानं परत पाठवण्यापेक्षा हे शंभर पटीनं बरं. पण जिथं मायक्रोस्कोप टेबलावर आहे, तंत्रज्ञ खुर्चीवर आहे, तिथंही अंदाजानंच फवारायचं का? अंदाजाच्या औषधात नेमका रोग कळत नाही. रोग कळला नाही की नवऱ्याला बोलवायला जोर राहत नाही. नवरा आला नाही की औषध घेऊनही बाईला पुन्हा लागण होते. त्या बाईचं दोन वर्षं तेच चाललं होतं.

गडचिरोली आणि बीडचा धडा

महाराष्ट्रात हे आधी कुणी बघितलं नाही असं नाही. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांत घरोघरच्या ६५० बायका तपासल्या, प्रयोगशाळेतल्या तपासणीसकट. तो अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोग निघाला. याआधी तपासणी झालेल्या बायका शंभरात फक्त आठ. आपण आज ज्या जंतूबद्दल बोलतोय, तो शंभरात चौदा जणींत सापडला. तक्रार न सांगणाऱ्या बायकाही त्या अभ्यासात आजारी निघाल्या. खेड्यातल्या बायकांना बाळंतपणाशिवाय दुसरा प्रश्नच नाही, ही समजूत त्या दोन गावांनी खोटी ठरवली.

दुसरा धडा जवळचा आहे. दर हंगामाला बीडकडच्या टोळ्या आपल्या वाळवा, पलूस, कराड भागात ऊस तोडायला येतात. या तोडणीवाल्या बायकांची गर्भाशयं काढली जात असल्याची ओरड झाली, तेव्हा २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ बायकांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. शंभरात जवळजवळ सतरा. या सगळ्या शस्त्रक्रिया या एका जंतूमुळं झाल्या, असं मी म्हणत नाही. खाडा परवडत नाही, उघड्यावर संसार, पाळीची अडचण, अशी कारणं पुष्कळ आहेत. पण "अंगावरून जातंय" म्हणून दवाखान्यात गेलेली बाई कॅन्सरच्या भीतीनं शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत कशी पोचते, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. पिशवी कधीच काढू नये असंही नाही. मोठी गाठ असेल, न थांबणारा रक्तस्राव असेल, कॅन्सर सिद्ध झाला असेल, तर डॉक्टर सांगतील तसं करावं. पण गोळ्यांनी बऱ्या होणाऱ्या रोगासाठी बाईचा अवयव आणि घरची कालवड दोन्ही जाऊ नये. काढायच्या आधी एकदा काच बघा, एवढंच म्हणणं.

आता थोडं पुरुषांशी

बंधूंनो, गावठी वळूला गाय दाखवली, ती उलटली, पुन्हा दाखवली, पुन्हा उलटली, तर तुम्ही काय करता? गायीला बोल लावत बसत नाही. पशुवैद्यकाला बोलावता आणि तो वळू बंद करता. जनावरांतही याच जातकुळीतला, पण वेगळा, एक ट्रायकोमोनास आहे. तो वळूच्या अंगात काही लक्षण न दाखवता राहतो. गाय उलटते, लवकर गाभडते, पिशवीत पू होतो. म्हणून रेतन केंद्रातल्या वळूंची या रोगासाठी तपासणी करतात. जनावराचा हा जंतू माणसाला होत नाही आणि माणसाचा जनावराला नाही, तेव्हा गैरसमज नको. पण न्याय तोच. एकीलाच औषध देऊन रोग जात नाही.

त्या बाईचं पुढं काय झालं ते सांगते. आशाताई तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेल्या. काच लगेच बघितली गेली, जंतू पळताना दिसला. तिला सात दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. मेट्रोनिडॅझोल हे यावरचं जुनंच औषध आहे, पण ते डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणं आणि पुरतं घ्यायचं. डॉक्टरीणबाईंनी नवऱ्यालाही बोलावलं. दोन आठवडे तो आला नाही. "मला काय झालंय? मी धडधाकट हाय," हे एक. आणि मनात दुसरंच : हे तिला कुठनं आलं? घरात आदळआपट सुरू झाली. बाई मला म्हणाली, "ताई, रोग परवडला, तपासणी नको व्हती."

मला अपराधी वाटलं. मग मी त्याच्या गोठ्यावर गेले. कालवडीपासून बोलणं काढलं. तिच्या आईला दोनदा उलटल्यावर त्यानं वळू बंद करून सरकारी रेतन केलं होतं. मी म्हटलं, "तेव्हा गायीला मारलंत का?" तो गप्प झाला. मग जे डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं तेच सांगितलं. हा जंतू किती दिवसांपासून अंगात आहे आणि आधी कुणाच्या अंगात आला, हे कुठलीच तपासणी सांगत नाही. तेव्हा भांडणाला पुरावा नाही, औषधाला मात्र आहे. चौथ्या दिवशी तो दवाखान्यात गेला. गोळ्या संपून लक्षणं जाईपर्यंत दोघांनी दूर राहायचं, आणि तीन महिन्यांनी बाईची पुन्हा तपासणी, असं सांगितलं होतं. तीन महिन्यांनी काच स्वच्छ निघाली. कालवड गोठ्यातच व्याली.

वळूची तुलना कुणाला टोचली असेल तर माफ करा. पण ती त्या माणसाला पटली, म्हणून इथं लिहिली.

गावानं काय करावं

सरपंच, सदस्य आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात अशा रोगांसाठी काचपट्टीची ओली तपासणी असावी, असं २०१२ च्या भारतीय सार्वजनिक आरोग्य मानकांत लिहिलेलं आहे. म्हणजे आपण जगावेगळं काही मागत नाही. पुढच्या ग्रामसभेत, आणि त्याआधी महिलांच्या सभेत, आपल्या केंद्राला एवढं विचारा. आठवड्यातून कुठल्या दिवशी डॉक्टर आणि तंत्रज्ञ दोघंही हजर असतात? त्या दिवशी ही तपासणी होईल का? बाई तपासायला आडोसा आहे का? सलाईन, काचपट्ट्या, कव्हर स्लिप कमी पडत असतील तर रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून घेता येतील का? आणि नवऱ्याला चिठ्ठी देऊन बोलावण्याची सोय, कुणाला न कळता, होईल का?

शेवटचा मुद्दा सगळ्यात नाजूक आहे. गाव लहान असतं. केंद्रात कोण गेलं हे संध्याकाळी पारावर कळतं. म्हणून हा दिवस "गुप्तरोगाचा" म्हणून जाहीर करू नका. "महिला तपासणी दिवस" म्हणा, त्यात रक्तदाब, हिमोग्लोबिन, सगळंच करा. नाव कुणाचंही बाहेर जाऊ देऊ नका. एकदा एका बाईचं नाव फुटलं की पुढची दहा वर्षं दुसरी येणार नाही.

ऊसतोडीच्या टोळ्या येतात त्या गावांनी आणि कारखान्यांनी या दिवसात त्या बायकांनाही धरावं. त्या आपल्या मतदार नसतील, पण आपला ऊस त्याच तोडतात.

आम्ही कृषी खात्यातली माणसं शेतीशाळेत सांगतो : आधी रोग ओळखा, मग औषध आणा. चूक झाली तर फार तर एक फवारणी वाया जाते. इथं चूक झाली तर बाईचा अवयव जातो. पुढच्या शेतीशाळेला बायका जमतील तेव्हा मी माती परीक्षणाची पिशवी दाखवीन, आणि शेजारी एक काचपट्टीही ठेवीन.